सॅन्टनकाकांची तीन टनांची पाटी

सॅन्टन रुमाव या गृहस्थांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना फक्त पाय होते.

सन १९९३, डिसेंबर महिना. मी फुलपाड्याहून स्कूटरवरून निर्मळजवळच्या एका शाळेत गणित शिकवायला जात असे. कोणीतरी सांगितलेला जवळचा रस्ता त्या दिवशी पहिल्यांदाच आजमावत होतो. जवळचा रस्ता म्हणजे केळीच्या वाड्यांतून तीनदा चुकायचं, दोन कुत्र्यांना आपल्या सभ्यपणाची खात्री पटवायची आणि मग एका ओहोळावरच्या लोखंडी पुलाशी यायचं. त्या पुलाच्या कडेखालून दोन पाय बाहेर आले होते. गुडघ्यापर्यंत गमबूट, चवडे आभाळाकडे, हालचाल शून्य.

मी कल्पक माणूस नाही, पण भित्रा आहे, आणि भित्र्याला कल्पकतेची उणीव भासत नाही. चार सेकंदांत माझ्या डोळ्यांपुढे पंचनामा झाला, प्रेत पहिल्यांदा पाहणारा म्हणून माझं नाव लिहिलं गेलं, खटला माझ्या निवृत्तीपर्यंत चालला आणि सरकारी वकिलाने मला विचारलं की शाळेच्या वेळेत गणिताच्या मास्तरांचं केळीच्या वाडीत काय काम होतं. मी उत्तर जुळवत असतानाच पाय बोलले.

"वजन किती?"

"कोणाचं?" प्रेताशी बोलायचा सराव नसल्यामुळे माझा आवाज जरा चिरकला.

"तुमचं. गाडीसकट."

मला ते ठाऊक नव्हतं. तेव्हा पायांनी मला मागे केळीच्या वखारीत पाठवलं, घडांच्या काट्यावर उभं राहायला सांगितलं, मग स्कूटर चढवायला सांगितली, आणि परत आल्यावर नाश्ता वजन करण्याआधी झाला की नंतर, हे विचारलं. त्यानंतर मी तो पूल नऊ वेळा ओलांडला. दर खेपेला मधोमध थांबायचं, श्वास रोखायचा आणि "जा" म्हटलं की जायचं. श्वास रोखायला त्यांनी सांगितलं नव्हतं, ती माझी स्वतःची भर. नवव्या खेपेनंतर पायांमागून बाकीचा माणूस बाहेर आला. साठीचा, काडीसारखा, पांढऱ्या मिशांचा. हातात घड्याळासारखं एक यंत्र.

"एकोणीस शतांश मिलिमीटर," ते म्हणाले.

माझ्यामुळे पूल एवढा वाकला होता. माझ्या असण्याने जगात कशालाही फरक पडल्याचा तो आजवरचा एकमेव लेखी पुरावा आहे. शाळेत मी पोचलो तेव्हा दुसरा तास संपत आला होता, आणि मुख्याध्यापकांना मी खरं कारण सांगितलं, ही त्या दिवसातली दुसरी चूक.

सॅन्टनकाका गिरीज आणि निर्मळच्या मधल्या एका पंचवीस घरांच्या आळीत राहत. एकतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या कारखान्यात मालगाडीच्या वाघिणींना रिव्हेट मारण्याचं काम केलं होतं. रिव्हेटचा हातोडा हवेच्या दाबावर चालतो आणि धरणाऱ्याला दिवसभर थरथरवतो. एकतीस वर्षं थरथरून त्यांचे दोन्ही हात कायमचे बधिर झाले होते. गरम चहाचा पेला ते बोटांनी असा धरत की बघणाराच फू फू करायचा. शर्टाची बटणं त्यांची बायको आल्बिना लावून देई, आणि लावताना रोज एकच वाक्य बोले, की लग्नात मला सांगितलं होतं नवरा कारागीर आहे.

आळीला जायचा रस्ता एका वीस फुटी ओहोळाने अडवला होता. पूर्वी तिथे ताडाची खोडं टाकलेली असत. १९८५ मध्ये सॅन्टनकाकांनी आळीला सुचवलं की रेल्वेच्या भंगारात मीटर गेजच्या जुन्या वाघिणी निघतात. त्यांची चाकं आणि भिंती काढल्या की खाली उरतो तो लोखंडी सांगाडा, आणि असे दोन सांगाडे शेजारी शेजारी टाकले की पूल झाला. आळीने वर्गणी काढली. सांगाडे आले, दगडी बांधांवर बसले, वर फळ्या ठोकल्या गेल्या. एका बाजूला आळीचा क्रूस होता, दुसऱ्या बाजूला ओहोळ खाडीकडे वळत होता. म्हणून एक सांगाडा क्रुसाकडचा आणि दुसरा खाडीकडचा. एकेकावरून जेमतेम बैलगाडी जाईल. मोठी गाडी आली तर तिची एका बाजूची चाकं क्रुसाकडे आणि दुसऱ्या बाजूची खाडीकडे.

पूल झाला त्याच आठवड्यात आळीत भांडण झालं. सांगाड्यावर जुन्या रंगात '१८ टन' असं लिहिलेलं होतं. आळीचं म्हणणं, दोन अठरे छत्तीस, आता हत्ती आणा. सॅन्टनकाकांचं म्हणणं, ते अठरा टन वाघीण चाकांवर उभी असतानाचे. चाकं टोकांपासून आत असतात, खालून आधार देतात. इथे सांगाडा दोन टोकांवर टेकलाय आणि पोट अधांतरी. मला त्यांनी हे सोप्या भाषेत सांगितलं होतं. खाटेचे पाय कापा, तिची दोन टोकं दोन खुर्च्यांवर ठेवा, आणि मग तिच्यावर व्याह्यांना बसवाल का, ते ठरवा.

त्यांनी महिनाभर हिशेब केला आणि पुलाच्या दोन्ही तोंडांशी पत्र्याची पाटी लावली. 'या पुलावरून ३ टनांपेक्षा जास्त वजन नेऊ नये.' आठ वर्षांपूर्वीची ती पाटी मी पाहिली तेव्हाही कालच रंगवल्यासारखी दिसत होती, कारण ती दर वर्षी खरोखरच रंगवली जायची. आणि दर वर्षी, डिसेंबरात पाणी उतरलं की, काका पुलाखाली आडवे होत, एक सागवानी खांब ओहोळाच्या तळात रोवून त्यावर ते घड्याळासारखं यंत्र, डायल गेज, बसवत, आणि माहीत असलेलं वजन वरून नेऊन सांगाडा किती वाकतो ते मोजत. त्या वर्षी ते माहीत असलेलं वजन मी होतो. पुढेही मीच राहिलो. माझी प्रकृती स्थिर असते, असं त्यांनी एकदा कौतुकाने म्हटलं. शेवटपर्यंत एवढंच कौतुक मला त्यांच्याकडून मिळालं.

आता एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काका मोजत ते क्रुसाकडच्या सांगाड्याखाली. खाडीकडच्या सांगाड्याखाली ते कधी गेले नाहीत. तिथे बांधाला लागून सावली असे आणि ती बायकांची जागा होती. सकाळी मासळी विकायला आलेल्या कोळणी आपल्या टोपल्या पुलावर, खाडीकडच्या कडेला ठेवत आणि खाली सावलीत बसून भाकरी खात, पाय धूत, लेकरांना पाजत. पुरुष तिकडे जात नसत. तसा कुठे नियम लिहिलेला नव्हता. एवढ्या मोठ्या गोष्टी लिहून ठेवायची पद्धत नसते.

१९९६ च्या सुमाराला आळीतल्या विहिरींचं पाणी खारं व्हायला लागलं. पुढच्या वर्षी चहा फाटायला लागला. पाण्याचा टँकर लावावा लागला. ज्यांच्या वाडीत पिढ्यान् पिढ्या मोटेचं पाणी खेळलं ते लोक हातात हंडा घेऊन टँकरची वाट बघू लागले. टँकर छोटा असला तरी भरून आठ टनांचा. तो पुलाच्या अलीकडे थांबे. बायका पलीकडून येत, हंडे भरत आणि पूल ओलांडून परत जात. आल्बिनाकाकूंचे गुडघे तेव्हा आधीच कुरकुरत होते. त्या रोज सहा खेपा करत आणि प्रत्येक खेपेला तीन टनांच्या पाटीजवळ थांबून हंडा खाली ठेवत. पाटीकडे बघत नसत. पण पाटीजवळच ठेवत.

आळीच्या पूल समितीचा अध्यक्ष मार्सेल. बँकेत नोकरीला, शांत, समजूतदार, आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणारा. त्याने काकांना सांगितलं की तुमचा हिशेब तेरा वर्षांपूर्वीचा, कागदावरचा. एकदा खरोखरच आठ टन ठेवून बघू. वाकला तर तुम्ही खरे, नाही वाकला तर टँकर घरापर्यंत येईल. काका दोन दिवस जुना हिशेब घेऊन बसले. मग मला म्हणाले, "मास्तर, तीन हा आकडा मी काढला तेव्हा मला माहीत नव्हतं ते सगळं वजा केलं होतं. थोडं जास्तच वजा झालं असेल."

बायकोचे गुडघे ही गोष्ट कुठल्याही हिशेबात धरता येत नाही, पण ती त्या वाक्यात होती.

आठ टन आणायचे कुठून? वाळूच्या दीडशेहून जास्त गोण्या भरणार कोण, चढवणार कोण आणि उतरवणार कोण? तोडगा काकांनीच काढला. माणसं. माणसं आपल्या पायांनी चढतात, आपल्या पायांनी उतरतात आणि जेवण दिलं की एका जागी जमतात. जानेवारीत आळीच्या क्रुसाचा सण होता. पाहुणे, सोयरे, ब्रास बँड धरून दीडशे माणसं सहज होणार होती.

सणाच्या सकाळी देवळातली मिस्साची उपासना झाल्यावर वखारीतल्या काट्यावर आळीचं वजन झालं. मी वही घेऊन बसलो होतो. आयुष्यात मी अनेक परीक्षांना पर्यवेक्षक होतो, पण एवढी कॉपी कुठे पाहिली नाही. पुरुष खिशातल्या किल्ल्या काढत नव्हते आणि बायका बांगड्या काढून ठेवत होत्या. आल्बिनाकाकू काट्यावर चढल्या, काटा चौसष्टावर गेला, आणि त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अठ्ठावन्न वाचा." मी चौसष्ट लिहिलं आणि अठ्ठावन्न वाचलं. त्या दिवसापासून त्या घरात मला बसायला खुर्ची मिळू लागली. बँडमधल्या मोठ्या भोंग्याच्या माणसाने भोंग्यासकट वजन करू द्यायला नकार दिला. भोंगा दुसऱ्याचा होता.

एकशे बेचाळीस माणसं झाली. सात हजार आठशे तीस किलो. सगळी पुलावर चढली, खेटून उभी राहिली, आणि तेव्हा कोणी सांगितलेलं नसताना एक गोष्ट झाली. पुरुष क्रुसाकडे आणि बायका खाडीकडे उभ्या राहिल्या, देवळात राहतात तशा. नवरा-बायकोसुद्धा पुलावर पाय ठेवल्यावर वेगळे झाले. आजोबा तिकडे, आजी इकडे. मधे हातभर रिकामी जागासुद्धा सुटली होती.

काका क्रुसाकडच्या सांगाड्याखाली, पुरुषांच्या खाली, पाठीवर पडून होते. गेज तीन मिलिमीटरवर गेलं. माणसं उतरली आणि काटा पुन्हा शून्यावर आला. लोखंडाचं हेच तर बघायचं असतं. वाकलं तरी चालेल, परत आलं पाहिजे.

ते बाहेर आले, पाठीवरचा चिखल झटकला आणि खाडीकडे बघत राहिले. तिथे उतरलेल्या बायका साड्या सावरत होत्या, दोघी म्हाताऱ्या लाल लुगड्यांत बांधावर टेकल्या होत्या. आता दुसरी बाजू मोजायची तर सगळ्या बायकांना पुन्हा फळ्यांवर उभं करायचं, आणि फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी, आणि खाली हा माणूस पाठीवर झोपणार. मी वही धरून उभा होतो. मलाही ते कळलं होतं आणि मीही काही बोललो नाही. मंडपातून डुकराच्या मटणाच्या सोरपोतेलचा वास येत होता आणि पुरुष केव्हाच तिकडे वळले होते.

"एकाच कारखान्यातले आहेत दोन्ही," काका म्हणाले. "एकाच सालचे."

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच्या हाताने पाटीवरचा तीन खरवडून आठ काढला. तो आठ सुरेख होता. मार्सेलने त्यांना मिठी मारली आणि त्यांनी ती मारू दिली. फेब्रुवारीत टँकर पूल ओलांडून आळीत शिरला, आल्बिनाकाकूंच्या अंगणासमोर थांबला, आणि त्यांनी पाणी भरताना खुर्ची बाहेर आणून ठेवली होती. बसल्या मात्र नाहीत.

मार्चमध्ये उपवासकाळ चालू होता. आळीत मटण बंद, म्हणून मासळीच्या टोपल्या दुप्पट. लूर्डसबाय नावाची एक कोळीण काकांच्या अंगणात सुकट द्यायला आली. मी तेव्हा तिथे चहा पीत होतो. टोपली उतरवता उतरवता ती म्हणाली, "सॅन्टन मामा, तुमचा पूल गलतो."

"पाणी गळतं?"

"पानी नाय. लोखंड. खपल्या पडतान भाकरीन. टँकर जातो ना, तवा जास्ती."

काकांनी विचारलं, कधीपासून.

"मना काय म्हाईत. माजी आय बसायची, तवापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"कोनी इचारलाच नाय," लूर्डसबाय म्हणाली, आणि तेवढ्याच सहजपणे सुकटीचं माप घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बायका उठून गेल्यावर, सॅन्टनकाका पहिल्यांदा खाडीकडच्या सांगाड्याखाली गेले. आल्बिनाकाकू वर उभ्या राहून कोणी येत नाही ना ते बघत होत्या. नवरा कुणाचं तरी घर फोडत असावा तशा. तेरा वर्षं रोज सकाळी वरच्या टोपल्यांतलं मिठाचं पाणी त्या कडेवरून खाली झिरपलं होतं. लोखंडाला पापुद्रे सुटले होते, पुस्तकाची पानं सुटावीत तसे. काकांनी छोट्या हातोडीने ठोकून बघितलं. क्रुसाकडचा सांगाडा घंटेसारखा बोलायचा. हा बोलला नाही. तिसऱ्या ठोक्याला हातोडीचं टोक आत गेलं आणि तिथेच राहिलं.

"मास्तर, वर उभे राहा. मधोमध."

मी उभा राहिलो. बासष्ट किलो, स्कूटरशिवाय. क्रुसाकडे माझ्या वजनाने काटा सात शतांश हलायचा. इथे बावीस हलला. मग त्यांनी मला उतरायला सांगितलं. मी उतरलो. ते बराच वेळ काट्याकडे बघत होते.

"परत आला?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पाचावर थांबला."

त्यांनी यंत्र पुसलं, डबीत ठेवलं, डबीला दोरी बांधली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं होतं की मी घाबरेन, पण मलाही काही वाटलं नाही. शेजारच्या वाडीत कोणीतरी केळीची सुकलेली पानं तोडत होतं, तो आवाज तेवढा आठवतो.

पूल समितीची बैठक मार्सेलच्या ओट्यावर भरली. सगळी आळी आली. काकांनी उभं राहून सांगितलं की टँकर बंद करा, पूल दोन टनांचा आहे. मार्सेलने घसा खाकरला.

"काका, एकशे बेचाळीस माणसं उभी होती. आम्ही सगळे उभे होतो. काय झालं?"

"खाडीकडची बाजू मी मोजली नव्हती."

"का नाही?"

अशा वेळी माणूस खोटं बोलू शकतो. यंत्र बिघडलं म्हणता येतं, खांब कलला म्हणता येतं. नाहीतर सरळ गप्प बसता येतं, कारण पूल पडला नव्हता आणि कदाचित पडणारही नव्हता.

"वर बायका होत्या," ते म्हणाले. "मी खाली कसा जाणार?"

मग मागून एक बाई हसली, मग दुसरी, आणि मग ओटा, अंगण आणि कुंपणापलीकडची पोरं, सगळी आळी हसली. वाईट हेतूने नव्हे. गोष्ट खरोखरच हसण्यासारखी होती, मीही हसलो असतो. पण त्या हसण्यानंतर त्या विषयावर गंभीर बोलणं शक्य राहिलं नाही. कोणीतरी म्हणालं की सणाच्या दिवशी क्रुसाने पूल धरून ठेवला, आणि तेवढ्यावर बैठक संपली. टँकर चालू राहिला.

काकांनी पाटीवरचा आठ खरवडून दोन काढला. चार दिवसांत कोणीतरी पुन्हा आठ काढला. त्यांनी पुन्हा दोन. महिनाभरात त्या जागी आकड्याऐवजी एक जाड पांढरा गोळा झाला, आणि नव्या माणसाला वाटावं की पुलावरून अंडी नेऊ नयेत.

एप्रिलमध्ये, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणानंतरच्या रविवारी, काका पहाटेच्या पहिल्या मिस्साला जाऊन आले. सगळी आळी नऊच्या दुसऱ्या मिस्साला गेली असताना त्यांनी पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी दोन खड्डे खणले. वाडीत पडलेले रुळाचे दोन तुकडे उभे केले आणि भोवती काँक्रीट भरलं. मी लेव्हलची पट्टी धरली आणि घमेलं ढवळलं. माझी पँट त्या दिवसापासून घरात फरशी पुसायला लागली. दोन रुळांमधून हातगाडी जात होती, रिक्षा जात होती, छोटा टेम्पो अंग चोरून जात होता. टँकर जात नव्हता.

त्यांचे बधिर हात सिमेंटने फुटले होते, रक्त येत होतं. मी दाखवलं तेव्हा त्यांना कळलं.

त्यानंतर आळीत काय झालं, ते थोडक्यात सांगतो. मार्सेलने ट्रॅक्टर आणून रूळ उपटायचा प्रयत्न केला. एक रूळ बोटभर वाकला, साखळी तुटली. बाचाबाची झाली नाही, ती झाली असती तर बरं झालं असतं. लोकांनी सॅन्टनकाकांशी बोलणं बंद केलं. बायका पुन्हा हंडे घेऊन पूल ओलांडू लागल्या आणि आल्बिनाकाकूही. पहिल्या दिवशी सहावी खेप आणून त्यांनी हंडा ओट्यावर ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचा आकडा खरा असेल. पाणी मलाच आणायचंय." शर्टाची बटणं त्या लावून देत राहिल्या. ते रोजचं वाक्य मात्र बंद झालं.

सात आठवडे हे चाललं. मग टँकरचा ड्रायव्हर, जो त्या आळीचा नव्हता आणि ज्याला उशीर होत असे, एक दिवस वैतागून म्हणाला की तुमच्या प्रत्येक वाडीत एवढे पाइप पडलेत, एखादा पुलावरून टाकून पलीकडच्या टाकीत पाणी का सोडत नाही? ज्यांनी जन्मभर पाइपने केळी शिंपली, त्या पंचवीस घरांना हे सुचलं नव्हतं. सॅन्टनकाकांना सुचलं नव्हतं, आणि विज्ञानाचेही तास घेणाऱ्या मलाही नाही. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाइप जोडला गेला. आल्बिनाकाकूंच्या दारात नळ आला.

भांडणाचं कारण संपलं, पण अबोला राहिला. अबोल्याला कारण सुरुवातीलाच लागतं. नंतर तो आपल्या पायांवर उभा राहतो. पुढची चार वर्षं काका देवळात शेवटच्या बाकावर बसत, आणि त्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे. मी दर डिसेंबरला जात होतो. बासष्टाचा सदुसष्ट झालो होतो, त्याबद्दल त्यांनी मला दोनदा बोल लावले. आता ते दोन्ही बाजू मोजत. खाडीकडचा काटा दर वर्षी थोडा कमी परत यायचा. ते वहीत लिहून ठेवत आणि वही कोणी मागत नसे.

एकदा मी त्यांना विचारलं, लोक बोलत नाहीत याचं काही वाटतं का? त्यांनी आपले तळवे उलटेपालटे करून बघितले.

"हातांसारखंच आहे," ते म्हणाले. "आहे. पण कळत नाही."

२००२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ते गेले. मी पोचलो तेव्हा रिमझिम होती. शवपेटी न्यायला आलेली गाडी त्या दोन रुळांच्या अलीकडे थांबली होती. आत जाता येईना. म्हणून पेटी खांद्यावरूनच आणायची ठरली. सहा खांदेकरी होते, पुढे मार्सेल. मागून बँड, मग फादर, मग सगळी आळी, पुरुष पुढे, बायका मागे. आल्बिनाकाकू कोणाचाही हात न धरता चालत होत्या.

मी अलीकडे उभा होतो. दुसरं काही सुचेना म्हणून मनात वजन करत होतो. सहा माणसं, पेटी, आत काका, जे शेवटी पंचेचाळीस किलोही नसतील. साडेपाचशे किलो. कुठल्याही बाजूने चाललं असतं. ते पुलाच्या तोंडाशी आले आणि मार्सेल थांबला. मागचेही थांबले. त्याने घसा खाकरला नाही.

"क्रुसाकडून चला," तो म्हणाला.

खांदेकरी क्रुसाच्या बाजूला सरकले. त्यांच्यामागे सगळी आळी त्याच बाजूने, एकामागे एक, पूल ओलांडून आली. खाडीकडच्या फळ्यांवर कोणी पाय ठेवला नाही. त्याला बराच वेळ लागला, आणि गाडीचा ड्रायव्हर घड्याळ बघत होता.

पूल कधीच पडला नाही. २००४ मध्ये तिथे सिमेंटचा नवा पूल झाला आणि जुने दोन्ही सांगाडे गॅसने कापून एका ट्रकमधून नेले. खाडीकडच्यात किती लोखंड उरलं होतं, ते कोणी मोजलं नाही. मीही नाही. त्या दिवशी शाळेत सहामाही परीक्षा होती.